अर्धे बाबा पुराव्यात जमा

मला लायसन्स मिळालं. न्यू जर्सी राज्यात लोकांना घरकर्ज मिळवून देण्याचं, रीतसर, नंबरासकट.

आता हे वाक्य विसरून जा. मी ते लिहिलं नाही, तुम्ही वाचलं नाही. गुरुनाथ काकांनी ऑफिसात पेढे वाटले, तेही घडलं नाही. पुढचं सगळं मी लायसन्स न मिळालेल्या माणसाच्या चेहऱ्याने सांगणार आहे, कारण हे चाललं होतं तेव्हा माझा चेहरा तसा होता आणि अजून मला तो बदलता आलेला नाही.

सुरुवात नोकरी जाण्यापासून झाली. ती कशी गेली ते सांगत नाही, सगळ्यांची एकाच पद्धतीने जाते. घरात आई, धाकटी बहीण इला आणि मी. बाबा नुकतेच गेलेले, म्हणजे एका वर्षात घरातले दोन पगार गेले, त्यातला एक माणसासकट. अशा वेळी बाबांचे जुने मित्र गुरुनाथ काका आले. आयसेलिनला ओक ट्री रोडवर साड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांचं घरकर्जाचं ऑफिस आहे. जिना चढताना पैठण्या लागतात, वर व्याजदर.

"अंकुर, तू माझ्याकडे ये," काका म्हणाले. "आपली माणसं इथे नोकरी सोडतील, नवरा सोडतील, मटण सोडतील. घर घ्यायचं सोडणार नाहीत. फक्त लायसन्स काढ. दिवाळीपर्यंत खुर्ची तुझ्यासाठी ठेवतो. नंतर माझा मेव्हणा त्याच्या मुलाला आणून बसवेल, आणि तो एकदा बसला की उठत नाही, मी त्याला लग्नात पाहिलंय."

लायसन्ससाठी कोर्स लागतो, तो केला. परीक्षा लागते, ती दिली. मग उरतं चारित्र्य. लोकांना तीस वर्षांचं कर्ज गळ्यात बांधून देणारा माणूस निष्कलंक असावा, असा या देशाचा आग्रह आहे. त्यासाठी तुमच्या बोटांचे ठसे घेतात, गुन्ह्यांची नोंद तपासतात आणि एक प्रश्नावली भरून घेतात. बाकीचे सगळे प्रश्न मी 'नाही, नाही, नाही' करत उताराला लागल्यासारखे सोडवले. मग एक प्रश्न आला: तुमच्यावर सध्या कुठला फौजदारी खटला चालू आहे का?

होता.

त्याचं असं झालं. बाबा ऐन थंडीत गेले. जायच्या आधी दवाखान्यात त्यांनी सांगून ठेवलं होतं, "मला सगळाच्या सगळा भारतात नेऊ नका. पुन्हा इमिग्रेशनच्या लायनीत उभं राहायची माझ्यात ताकद नाही." आईने यावर तोड काढली. अर्ध्या अस्थी इथल्या तळ्यात, जिथे ते रोज संध्याकाळी फिरायला जात. अर्ध्या नाशिकला गोदावरीत, वर्षश्राद्धाच्या आत, तिने स्वतः नेऊन. "जन्मभर अर्धे इथे आणि अर्धे तिथेच होते," आई म्हणाली. "आता शेवटी सवय कशाला मोडायची?"

तळं शेजारच्या टाउनशिपमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत शेजारच्या गावात, आहे. तिचं नाव मी घेत नाही, आमचे संबंध आधीच नाजूक आहेत. थंडीत ते गोठलेलं असतं, म्हणून बर्फ वितळेपर्यंत बाबा दिवाणखान्यात तांब्याच्या गडूत, तोंडाला पांढरं फडकं बांधून, टीव्हीशेजारी राहिले. आई बातम्या लावताना आवाज थोडा मोठा ठेवायची.

मग एका सकाळी आम्ही पाच जण तळ्यावर गेलो. आई, इला, मी, गुरुनाथ काका आणि आमच्या शेजारच्या कांचन काकू. काकूंना वेस्ट विंडसरमधल्या कुठल्याही घरातल्या कुठल्याही विधीची माहिती असते, त्या घरात विधी होण्याच्या आधीपासून. एडिसनचे गुरुजी काकूंच्या फोनवर व्हिडिओ कॉलवर होते. मी गुडघाभर पाण्यात उतरलो. त्या पाण्यात फार वेळ शोक करता येत नाही, पाय बधिर होतात. मंत्र झाले, अर्ध्या अस्थी सोडल्या, फडकं पुन्हा बांधलं. गुरुजी म्हणाले, "आता सगळ्यांनी मागे वळून न पाहता चालायला लागा. काहीही झालं तरी मागे पाहायचं नाही."

आम्ही चालायला लागलो. दहा पावलं गेलो असू-नसू, मागून आवाज आला, "हे! स्टॉप!"

आता हा प्रसंग नीट समजून घ्या, कारण पुढे माझं सगळं चारित्र्य याच्यावर उभं आहे. मागून पोलीस हाक मारतोय. जगातला कुठलाही माणूस वळेल. आम्ही पाच जण माना ताठ करून चालत राहिलो.

"कुणी वळू नका," कांचन काकू दातांतून म्हणाल्या.

"काकू, तो पोलीस आहे," मी म्हणालो.

"असेल. तुझ्या बाबांपेक्षा मोठा आहे का?"

फोनमधून गुरुजी ओरडले, "मागे पाहू नका हो, जीव अडकतो!" आणि त्यांची रेंज गेली.

"दादा, ही हॅज अ गन," इला म्हणाली. ती इथेच जन्मली, त्यामुळे तिला या देशातली मूलभूत माहिती असते. पण मान तिनेही वळवली नाही. मला तेव्हा तिचा अभिमान वाटला. आता वकिलाच्या दृष्टीने पाहिलं तर तो वाटायला नको होता.

मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. पोलिसाची गाडी पायवाटेच्या कडेने आमच्या बरोबरीने हळूहळू चालू लागली आणि भोंग्यावरून आम्हाला थांबायला सांगू लागली. आम्ही नाकासमोर पाहत चालत होतो. माझ्या ओल्या चपलांचा चुबुक-चुबुक आवाज येत होता. बाजूने पाहणाऱ्याला आम्ही पाच जण एकाच वेळी मानेच्या दुखण्याने आजारी आहोत असं वाटलं असतं. शेवटी त्याने गाडी पुढे घेतली आणि आमच्यासमोर आडवी घातली. तेव्हा आम्ही थांबलो, कारण समोर थांबायला शास्त्राची हरकत नाही.

सार्जंट कोवाल्स्की खाली उतरले. पन्नाशीचा, थकलेला, मिशा असलेला माणूस. त्यांनी माझ्या हातातल्या गडूकडे बोट दाखवलं आणि आत काय आहे ते विचारलं.

"माझे वडील," मी म्हणालो. मी खरं बोललो होतो.

सार्जंटांचा हात कमरेकडे गेला.

"हाफ," इलाने मदत म्हणून सांगितलं. "ओन्ली हाफ ऑफ हिम."

बाकीचा अर्धा कुठे आहे, असं सार्जंटांनी अतिशय हळू आवाजात विचारलं. त्यावर आम्ही पाचही जणांनी, मान न वळवता, हात मागे करून तळ्याकडे बोटं दाखवली.

त्यांनी आणखी एक गाडी मागवली.

यातून आमचं म्हणणं त्यांच्या लक्षात यायला सकाळची दुपार झाली. आल्यावर ते नरम पडले, टोपीही काढली. पण तोवर वायरलेसवर सगळं बोलून झालं होतं, आणि वायरलेसवर बोललेलं परत घेता येत नाही. या सगळ्याला जबाबदार माणूस कोण, असं त्यांनी विचारलं. मी गुरुनाथ काकांकडे पाहिलं, ते वयाने मोठे. काका चटकन एक पाऊल बाजूला झाले. "धिस बॉय इज द प्रायमरी बॉरोअर. मी को-सायनरसुद्धा नाहीये." पंचवीस वर्षं कर्जाच्या धंद्यात घालवली की माणूस दुःखात असतानाही स्वतःचं नाव कागदावर येऊ देत नाही.

माझ्यावर दोन कलमं लागली. सार्वजनिक पाण्यात परवानगीशिवाय पदार्थ टाकणे. हे किरकोळ होतं. आणि पोलीस अधिकाऱ्याने थांबायला सांगूनही न थांबता निघून जाणे. ते किरकोळ नव्हतं, ते फौजदारी होतं. गडू पुरावा म्हणून जमा झाला. पावतीवर लिहिलं होतं: धातूचं भांडं, एक. आतील पदार्थ, राखाडी. बाबांचं इतकं थोडक्यात वर्णन आजवर कुणी केलं नव्हतं.

आई गाडीत बसली. पट्टा लावताना म्हणाली, "ते मिळेल ना रे परत? नाशिकचं तिकीट काढायचंय." मी म्हटलं, मिळेल ना, पंधरा दिवसांत.

उन्हाळा गेला. केस एकदा पुढे ढकलली गेली, मग आणखी एकदा. एकदा न्यायाधीश सुट्टीवर होते, एकदा सरकारी वकील, एकदा मी वेळेवर होतो पण इमारतीतलं पाणी बंद होतं. प्रत्येक वेळी मी खिडकीवर जाऊन विचारायचो, गडू मिळेल का. केस चालू आहे तोवर पुरावा हलत नाही, असं उत्तर मिळायचं. त्याच सुमारास नोकरी गेली, गुरुनाथ काकांची खुर्ची आली आणि प्रश्नावलीतला तो प्रश्न समोर उभा राहिला.

मी 'होय' लिहिलं. 'होय' लिहिलं की खाली एक रिकामी चौकट उघडते. घटनेचं वर्णन करा, आणि असा प्रकार आपल्याकडून पुन्हा घडणार नाही याची राज्याला खात्री पटवा.

आता हे लिहिण्यात मदत करायला आमच्या घरी निम्मं वेस्ट विंडसर जमलं. कुणी म्हणालं, लिही की वेदांत असं सांगितलंय. कुणी म्हणालं, वेद काढू नकोस, त्यांना वाटेल एखादी संघटना आहे. कांचन काकू म्हणाल्या, "लिही की तू जगातल्या सगळ्या धर्मांचा आदर करतोस." मी म्हटलं, काकू, ते कर्जाची लायसन्सं देणारं खातं आहे. "मग लिही की सगळ्या बँकांचा आदर करतोस."

शेवटी मी जे खरं तेच लिहिलं. मला वडील एकच होते. त्यामुळे सदर गुन्हा माझ्याकडून पुन्हा घडण्याची शक्यता नाही.

मला वाटलं, हे बिनतोड आहे. आठवड्याने खात्याकडून उत्तर आलं: आपला खुलासा अपुरा आहे. अर्जदाराची आई हयात आहे का, ते कळवावं.

मी ते आईला वाचून दाखवलं. ती स्वयंपाकघरात गवार मोडत होती.

"तब्येत बरी आहे म्हणून कळव," ती म्हणाली. "आणि लिही, घाई नाही. त्यांची परवानगी आल्यावरच जाईन."

मी तसं कळवलं. दुसऱ्या वाक्यासकट. ते त्यांनी फाइलला लावून घेतलं.

मग आले ठसे. पितृपक्षात बाबांचं भरणी श्राद्ध होतं आणि आईचा हुकूम होता की वडे मुलाने करायचे. वडे मी आयुष्यात केले नव्हते. पीठ तळव्यावर थापायचं, मध्ये भोक पाडायचं आणि अलगद तेलात सोडायचं असतं. मी सोडले, पण अलगद नाही, आणि प्रत्येक वेळी वड्याबरोबर मीही थोडा गेलो. उजव्या हाताची चार बोटं शेंड्यांना पोळली. पोळीवर साजूक तूप लावतात तसं कांचन काकूंनी त्यांच्यावर काहीतरी लावलं, आणि ती आणखी पोळली.

ठसे घेणाऱ्या बाईंनी माझी बोटं काचेवर दाबली, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा दाबली. मग माझा हात हातात घेऊन त्या फार मायेने म्हणाल्या की तुम्हाला बोटं आहेत, ठसे नाहीत.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हाही तेच. चारित्र्य तपासायला पाठवलेला माणूस अस्पष्ट आहे, असा वरून शेरा आला. गुरुनाथ काकांचा फोन आला. "काय चाललंय तुझं? एक तर गुन्हेगार असावं नाहीतर नसावं. अस्पष्ट काय असतं? मेव्हणा रोज फोन करतोय." काकूंनी फर्मान काढलं की ठसे उगवेपर्यंत याने भांडी घासायची नाहीत. रात्री खोबरेल तेल लावून हातमोजे घालून झोपायचं. या अख्ख्या प्रकरणात माझा झालेला एवढाच फायदा. इला महिनाभर भांडी घासत होती आणि मला 'क्रिमिनल' म्हणत होती.

ठसे उगवले. ते वर गेले आणि उत्तर आलं की बोटं ठीक आहेत. फक्त तेवढा खटला मिटल्याचा कागद जोडा.

म्हणजे पुन्हा त्या कोर्टात. या वेळी सरकारी वकील मला व्हरांड्यात भेटले. हातात कॉफी, काखेत फायली, मनाने चांगला माणूस. म्हणाले, ही केस मलाही नकोय. तुम्ही असं करा, तो गडू तुमचा नाही असं लिहून द्या. गडूला मालकच नाही, म्हणजे पाण्यात काही टाकणारा नाही. टाकणारा नाही, म्हणजे पळून जाणाराही नाही. तुम्ही फिरायला आलेले एक गृहस्थ. केस आजच्या आज रद्द, तुमची पाटी कोरी.

"आणि गडू?" मी विचारलं.

ती बेवारस मालमत्ता होईल. तिची पद्धतीनुसार विल्हेवाट लागते.

"आणि माझा आहे असं म्हटलं तर?"

तर गडू तुम्हाला मिळेल आणि गुन्हाही. कर्जाचं लायसन्स त्यावर काय म्हणेल ते मला सांगता येणार नाही. त्यांनी घड्याळ पाहिलं. शुक्रवारपर्यंत कळवा.

त्या संध्याकाळी आमच्याकडे बैठक बसली. आई मेथी निवडत होती. तिने त्या वर्षात इतक्या भाज्या निवडल्या की आम्ही त्या खाऊ शकलो नाही.

"सही करून टाक," गुरुनाथ काका म्हणाले. "राजेशला विचारलं असतं तर तोच म्हणाला असता, सही कर, नोकरी बघ."

"विचारा ना," आई म्हणाली. "अर्धे तळ्यात आहेत, अर्धे पोलिसांत. कुणाला विचारताय?"

काकांनी चहा घेतला.

"सुहासिनी, आत्मा कधीच गेला गं," कांचन काकू म्हणाल्या. "त्या गडूत आता काय आहे? राख."

"तुमच्या सासूबाईंची पाटली द्या ना मग फेकून. तिच्यात तरी काय आहे? सोनं."

काकूंनीही चहा घेतला.

"दादा, जस्ट डू द राइट थिंग," इला म्हणाली.

"म्हणजे कोणती?"

"आय डोन्ट नो. आय हॅव मिडटर्म्स."

मी आईकडे पाहिलं. ती मेथीची जुडी सोडत म्हणाली, "माझ्याकडे बघू नकोस. चारित्र्य तुझं, वडील तुझे. गोदावरी काय, थांबेल."

मला त्या कागदावर काय लिहायचंय ते मी मनात इंग्रजीत जुळवून पाहिलं. वाक्य छोटं होतं: हे माझं नाही. आता बाबांची एक खोड होती. बँकेत गेलो, गाडीचं तेल बदलायला गेलो, दात दाखवायला गेलो, तिथे जो कुणी असेल त्याला ते न विचारता सांगायचे, "माय सन." तिथे मला त्या माणसाशी काहीही काम नसायचं. टायर बदलणाऱ्या माणसाला मी कुणाचा मुलगा आहे याच्याशी काय करायचंय? मी मान खाली घालायचो. एकदा टोलनाक्यावर पैसे देताना त्यांनी खिडकीतून वाकून त्या बाईंना सांगितलं, "माय सन." मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

तर शुक्रवारी मी इंटरव्ह्यूचा सूट घातला. टाय लावला. आई आणि इला बरोबर आल्या. रस्ताभर मी मनात भाषण पाठ केलं, आणि गुरुनाथ काकांना मेसेज केला की खुर्ची मेव्हण्याच्या मुलाला द्या. काकांनी उत्तरात फक्त हात जोडलेले पाठवले, त्याचा अर्थ काहीही होतो.

पुराव्याच्या खिडकीत एक बाई बसल्या होत्या. मी ताठ उभा राहिलो आणि म्हणालो की मॅडम, तो गडू माझा आहे. त्यात जे आहे ते माझे वडील आहेत. ते मीच पाण्यात सोडले, ते सोडून मीच चालत गेलो, आणि याचे जे काही परिणाम होतील ते भोगायला मी तयार आहे.

"नंबर?" बाई म्हणाल्या.

मी नंबर दिला. त्यांनी टाइप केलं. थोडं थांबल्या. पुन्हा टाइप केलं.

"डिस्पोज्ड," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, कसं शक्य आहे, केस चालू आहे. त्या म्हणाल्या, केसही नाही. पुरावा उरला नाही म्हणून परवा रद्द झाली; तुम्हाला कळवतील. पुरावा का उरला नाही, तर खोलीला रंग द्यायचा होता म्हणून जुन्या वस्तू काढल्या. मालकाला आधी रीतसर नोटीस पाठवली होती.

"मी मालक आहे. मला नोटीस आली नाही."

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. गडूच्या तळाला स्मशानवाल्यांनी चिकटवलेल्या पट्टीवर नाव होतं, राजेश. म्हणून नोटीस राजेश यांना पाठवली. उत्तर द्यायला तीस दिवसांची मुदत होती. त्या मुदतीत राजेश यांनी संपर्क साधला नाही.

बाबांच्या नावाने येणारं टपाल आईने उन्हाळ्यातच बंद करून घेतलं होतं. सारखी क्रेडिट कार्डांची आमिषं यायची, तिला बघवायचं नाही.

माझ्या आयुष्यातला एकुलता एक उदात्त क्षण होता तो, आणि खिडकीच्या पलीकडे कुणालाच त्याची गरज नव्हती. माझं चारित्र्य दोन दिवसांपूर्वीच स्वच्छ झालं होतं. मी तिथे उगाचच सूट घालून उभा होतो.

आवाज ऐकून आतून सार्जंट कोवाल्स्की आले. त्यांनी आईला ओळखलं. मिशांवरून हात फिरवला. खोली रिकामी करायचं काम त्यांच्याकडेच होतं, ते म्हणाले. भांडी भंगारात जातात, पण आधी रिकामी करावी लागतात.

"कुठे?" आईने विचारलं.

त्यांनी मागच्या दाराकडे पाहिलं. आत मोरी होती. फरशी पुसायचे बादली-पोछे धुतात तिथे एक मोठं सिंक असतं, ते दिसत होतं. कचऱ्यात टाकणं त्यांना बरोबर वाटलं नाही, म्हणून नळ सोडला आणि त्यात ओतलं. हळूहळू ओतलं, असं त्यांनी सांगितलं.

इला रडायला लागली. मी टाय सैल केला. आईने त्या सिंककडे पाहिलं. नळ नीट बंद झालेला नव्हता, थेंब पडत होते. मग तिने सार्जंटांना इंग्रजीत विचारलं, शांतपणे, चौकशी केल्यासारखं, "आफ्टर दॅट, डिड यू लुक बॅक?"

"मॅम?"

"ओतल्यावर. मागे वळून पाहिलंत?"

सार्जंटांनी विचार केला. खरोखर आठवून पाहिलं. "नो, मॅम. माझी ड्यूटी संपली होती. दिवा बंद केला आणि घरी गेलो."

आईने मान हलवली.

"मग झालं," ती मला म्हणाली. "सगळं नीट झालं. चल."

आणि ती वळून चालायला लागली. पार्किंगपर्यंत आम्ही तिघेही मान ताठ ठेवून गेलो. या वेळी आम्हाला मागून कुणी हाक मारली नाही.

नाशिकचं तिकीट आईने मध्यंतरी काढलं होतं, ते कॅन्सल केलेलं नाही. ती जाणार आहे, हात हलवत. नाशिकच्या आत्याला काय सांगायचं ते विमानात ठरवेन म्हणते. लायसन्सचं मी काही बोलत नाही, आपलं तसं ठरलंय.

फक्त एक काम राहिलं होतं, ते मी काल उरकलं. टाउनशिपच्या कार्यालयाला रीतसर अर्ज केला. मजकूर आईने मराठीत सांगितला, इंग्रजी मी केलं. मूळ खाली देत आहे:

महोदय, आपल्या सेवेतील सार्जंट कोवाल्स्की यांनी आमचे कै. राजेश यांच्या उर्वरित अर्ध्या अस्थींचं विसर्जन स्वहस्ते केलेलं आहे. आमच्याकडे हे काम मुलाचं असतं. सबब, त्यांना दरवर्षी पितृपक्षात सप्तमीच्या दिवशी, म्हणजे कै. राजेश यांच्या तिथीला, भरपगारी रजा मंजूर व्हावी. त्या दिवशी पान वाढून, कावळा शिवेपर्यंत त्यांनी जेवू नये. आपल्या हद्दीतले कावळे फार उशिरा येतात असा आमचा अनुभव आहे, तरी तो येईपर्यंत रजा वाढवून मिळावी. वडे आम्ही पोचते करू. ते पुरावा म्हणून जमा करून घेऊ नयेत. रजेच्या फॉर्ममध्ये 'मृताशी नातं' असा रकाना असतो, असं समजतं. त्यात काय लिहावं याचा आमच्या आईंचा विचार चालू आहे. तोवर तो रकाना कोरा आहे या कारणावरून अर्ज फेटाळण्यात येऊ नये, ही विनंती.